पातळ सोलचा बूट : दुसरबीडच्या एका परत आलेल्या जोडाची हकीकत

जालन्याहून सिंदखेड राजा, किनगाव राजा करीत मेहकरकडे निघालेल्या जुन्या रस्त्यावर दुसरबीड लागते. पहाटेच्या एस.टी.ने या रस्त्याने जाणाऱ्यांना एक देखावा ओळखीचा आहे. अजून फटफटलेले नसते आणि रस्त्याच्या कडेने पोरे धावत असतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यभरतीसाठी. या भागातला जिजामाता सहकारी साखर कारखाना केव्हाच बंद पडला. शेती पावसावर. तेव्हा बारावी झालेल्या पोराला भरती हाच एक सरळ रस्ता दिसतो, आणि तो रस्ता पायाने कापायचा असतो. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर. दोन-चार सेकंदांवर गुण हलतात आणि गुणांवर नोकरी हलते.

या पोरांमुळे आमच्या पादत्राणांच्या दुकानदारांना एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. पूर्वी खेड्यातल्या दुकानात शाळेचे काळे बूट, पीटीचे पांढरे कापडी बूट, प्लास्टिकच्या चपला आणि लग्नसराईत मोजड्या एवढाच माल असे. आता पोरगा मोबाइलवर चित्र दाखवतो आणि म्हणतो, "चाचा, असाच द्या." गेली काही वर्षे या चित्रांत एक नवा प्रकार दिसू लागला आहे. सोल अगदी पातळ, टाच उंच नाही, वजनाला कापसासारखा, पुढून रुंद. काहींना तर हातमोज्यासारखी पाच बोटे असतात. इंग्रजीत याला मिनिमलिस्ट रनिंग शू म्हणतात. आपण पातळ सोलचा बूट म्हणू.

आमचे एक स्नेही दुसरबीडला पादत्राणांचे दुकान चालवतात. नाव घालू नका म्हणाले, म्हणून घालत नाही. त्यांनी असा एक जोड भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाला विकला. मुलाने दुसऱ्याच दिवशी जुना जाड सोलचा बूट फेकला आणि नव्या जोडावर डांबरी रस्त्याने रोजचे पाच किलोमीटर सुरू केले. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून आल्या. त्याला वाटले, ताकद वाढते आहे. चौथ्या आठवड्यात पायाच्या वरच्या बाजूला, चवड्यावर, सूज आली. डॉक्टरांनी हाडाला बारीक तडा सांगितला आणि सहा आठवडे धावणे बंद केले. मैदानी चाचणी त्याच सहा आठवड्यांत येत होती.

मुलाचे वडील जोड घेऊन दुकानात आले. भांडायला आले नव्हते, पण चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "भाई, तुमच्या बुटाने पोराचं वर्ष गेलं." आमच्या स्नेह्यांनी पैसे परत केले, जोड ठेवून घेतला, आणि पुढच्या भेटीत तो आमच्यासमोर ठेवून विचारले, "यात खोट कुठे आहे, तेवढे सांगा. माल खोटा असेल तर उरलेले जोड आजच परत पाठवतो."

आम्ही जोड उलटसुलट करून पाहिला. शिवण पक्की, चिकटाई पक्की, सोल जागचा हललेला नाही. माल खोटा नव्हता. मग पोराचा पाय का मोडला? उत्तर देण्याआधी आम्ही थोडी चौकशी केली, थोडे वाचले, आणि स्वतःच्या पायावर प्रयोगही केला. त्याचा हा वृत्तांत. पादत्राणे विकणाऱ्या आणि शिवणाऱ्या दोघांनीही तो वाचावा.

आधी माल समजून घेऊ. आज बाजारात धावण्याचा म्हणून जो नेहमीचा बूट मिळतो, त्यात टाचेखाली फोमचा जाड थर असतो. टाच चवड्यापेक्षा साधारण १० ते १२ मिलिमीटर उंच असते. म्हणजे बूट घातला की माणूस थोडा उतारावर उभा राहतो. पातळ सोलच्या बुटात हा फरक शून्य ते चार मिलिमीटर, खालचा थर पातळ, आणि पाय सरळ ठेवण्यासाठी आत बसवलेले कडक तुकडे नाहीत. असा बूट नेमका कोणता, यावर कंपन्यांच्या जाहिराती काहीही सांगत असत. म्हणून २०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांची मते घेऊन एक व्याख्या ठरवण्यात आली. त्यांनी पाच गोष्टी मोजायला सांगितल्या : वजन, लवचीकपणा, सोलची जाडी, टाच-चवड्यातला फरक, आणि पायाला आधार देणारी योजना आहे की नाही.

यातल्या बहुतेक गोष्टी आमचा दुकानदार गल्ल्यावर बसून तपासू शकतो. बूट हातात घेऊन चपातीसारखा गुंडाळून पाहावा. गुंडाळला जात नसेल तर तो पातळ दिसला तरी या जातीचा नाही. कपडा पिळतात तसा पिळून पाहावा. मग जुन्या वर्तमानपत्रावर गिऱ्हाइकाला उभे करून पायाभोवती पेन्सिल फिरवावी आणि त्या आकृतीवर बूट ठेवावा. बोटांची रेघ बुटाबाहेर आली, तर पुढचा भाग अरुंद आहे. स्वस्त नकली मालात हीच गोम असते. सोल पातळ पण पीव्हीसीचा कडक, आणि पुढे निमुळता. अशा बुटात पायाला ना जाड फोमचा आधार मिळतो, ना मोकळे हलायची जागा. दोन्हीकडचे वाईट तेवढे पदरात पडते.

परत आलेला जोड या सगळ्या परीक्षांत उतरला. म्हणजे प्रश्न बुटाचा नव्हता.

माणूस धावताना पाय जमिनीवर पडतो तेव्हा वजनाच्या दुपटी-तिपटीने भार येतो. जाड टाचेच्या बुटात बहुतेक लोक टाच आधी टेकवतात. तो भार फोम थोडा झेलतो, बाकी गुडघ्याकडे जातो. पातळ सोलमध्ये टाच आपटली की झणझणते, म्हणून माणूस आपोआप पावले लहान करतो आणि चवडा किंवा पूर्ण तळवा आधी टेकवतो. २०१० साली अमेरिकेतले प्राध्यापक डॅनियल लिबरमन यांनी नेचर या विज्ञानपत्रिकेत दाखवले की, अनवाणी धावायची सवय असलेल्या माणसांचा चवडा आधी टेकतो आणि टाचेला बसणारा तो पहिला धक्का त्यांना बसत नाही. (पुढे २०१३ साली केनियातल्याच दासनच जमातीत अनवाणी माणसेही टाच टेकवून धावताना आढळली. तेव्हा हा काही अटळ नियम नाही.) पण गुडघ्याचा भार कमी झाला म्हणजे तो हवेत विरला, असे नाही. तो पोटरीवर, टाचेमागच्या धोंडशिरेवर आणि चवड्याच्या काडीएवढ्या हाडांवर येतो. पंधरा-वीस वर्षे उंच टाचेच्या बुटात आखडून बसलेल्या पोटरीला आणि कधी कामच न केलेल्या तळव्याच्या स्नायूंना एका रात्रीत तो भार झेलता येत नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, शिरेला आणि हाडाला महिने लागतात. पोराला वाटते पाय तयार झाला, कारण पोटरी दुखायची थांबलेली असते, पण हाड मागे राहिलेले असते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात घात होतो तो याचमुळे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २०१३ साली अमेरिकेत ३६ सराईत धावपटूंवर १० आठवड्यांचा प्रयोग झाला. १९ जणांना पाच बोटांचे पातळ बूट दिले, बाकीचे आपल्या जुन्या बुटात राहिले. नव्या बुटाच्या गटाला एकदम धावायला लावले नव्हते. पहिल्या आठवड्यात एकदाच थोडे, दुसऱ्यात दोनदा, असे वाढवत नेले होते. तरीही एमआरआय तपासणीत १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली दिसली. जुन्या बुटाच्या गटात असा एकच निघाला. सराईत माणसांना, टप्प्याटप्प्याने, दहा आठवडे पुरले नाहीत, आणि आमच्या दुसरबीडच्या पोराने एका रात्रीत बदल केला होता.

या बुटाचा धंदा परदेशात कसा चढला आणि उतरला, हेही व्यापाऱ्याने पाहण्यासारखे आहे. २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकन लेखकाचे बॉर्न टू रन हे पुस्तक आले. त्यात मेक्सिकोच्या डोंगरांतली रारामुरी जमात पातळ सँडल घालून मैलोन्‌मैल कशी धावते, याची हकीकत होती. पुस्तक तडाखेबंद खपले आणि त्याच्या मागे पातळ बूटही खपले. व्हिब्रम या कंपनीने आपल्या पाच बोटांच्या बुटांनी पायाचे स्नायू बळकट होतात, इजा कमी होते, अशी जाहिरात केली. २०१२ साली एका गिऱ्हाईक बाईने दावा लावला की, या बोलण्याला पुरावा नाही. २०१४ साली कंपनीने चूक कबूल न करता ३७.५ लाख डॉलर गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी बाजूला काढून तडजोड केली. तोवर बाजाराचा लंबक उलट टोकाला निघाला होता आणि अतिजाड सोलचे बूट आले होते. ते इतके जाड होत गेले की २०२० साली जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली.

आता आपल्याकडे पाहू. पातळ सोलची नवलाई आम्हाला कोणी परदेशातून शिकवावी, अशी गोष्टच नाही. रारामुरी लोकांचे ते सँडल पुष्कळदा जुन्या टायरच्या तुकड्याचे असते, वर कातडी वादी. आमच्या वऱ्हाडात, मराठवाड्यात टायरच्या चपला शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झिजवल्या आहेत. त्या कापणारे, ठोकणारे कारागीर आजही एखाद्या स्टँडबाहेर बसलेले दिसतात. पीटीचा पांढरा कापडी बूट तरी दुसरे काय होता? सपाट रबरी सोल, वर कापड, उंच टाच नाही. आमच्या पिढीने तो घालून शाळेच्या शर्यती मारल्या आणि त्याला कोणी मोठे नाव दिले नाही.

आणि बुलढाणा जिल्ह्याने तर एक नाव साऱ्या महाराष्ट्राला दिले आहे. लता भगवान करे मूळच्या याच जिल्ह्यातल्या. पोटासाठी कुटुंब बारामतीकडे गेले. पतीच्या आजारात तपासणीला पैसे नव्हते, म्हणून २०१३ साली साठी ओलांडलेल्या या बाई बारामतीच्या शरद मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचेच काम केले आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला.

ही हकीकत सांगितली की पोरे म्हणतात, मग आम्ही का नाही? कारण लताबाईंनी जन्मभर शेतमजुरी केली होती. त्यांच्या तळव्याला काळ्या मातीने, ढेकळांनी, धुऱ्यावरच्या चालण्याने पन्नास वर्षे तयार केले होते. त्यांना बूट बदलायचाच नव्हता. आमच्या पोराचा पाय तिसऱ्या वर्षापासून बुटात आहे. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचेही असेच. १९६० साली रोमला तो अनवाणी मॅरेथॉन धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. लोक एवढेच सांगतात. १९६४ साली टोकियोला तोच बिकिला बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा पहिला आला, हे सांगत नाहीत. मिलिंद सोमण २०१७ साली फ्लोरिडातल्या अल्ट्रामॅन शर्यतीत ८४ किलोमीटर अनवाणी धावले. त्यामागेही वर्षांची सवय होती.

आमच्या स्वतःच्या प्रयोगाबद्दल थोडक्यात. आम्ही तो परत आलेला जोड विकतच घेतला आणि पहिल्याच दिवशी, या वयात, उत्साहाने तीन किलोमीटर चाललो. धावलो नाही, फक्त चाललो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पाय टाकावा लागला. घरच्यांनी विचारले, काय झाले? आम्ही सांगितले, व्यापाराच्या पानाचे काम चालू आहे.

मग या बुटाकडे वळायचे कसे? आम्हाला जे समजले ते असे. पहिले दोन-तीन आठवडे धावायचेच नाही. बूट घरात, अंगणात, दुकानात, बाजारात चालायला वापरायचा, आणि तोही दिवसातून तास-दोन तास. यात वेळ वाया जातो असे कोणी समजू नये. २०२१ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संशोधकांनी माणसांना सहा महिने फक्त रोजच्या वापरात पातळ बूट घालायला दिले. त्यांच्या पायाची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली, आणि तीही न धावता. पोलीस भरतीच्या पोराने एवढेच केले तरी पुष्कळ आहे. दिवसभर पातळ बूट, पहाटे धावायला जुना.

त्यानंतर धावणे. आधी जुन्या बुटात रोजचे अंतर पुरे करावे आणि शेवटचे ३००-४०० मीटर पातळ बुटात, तेही मातीच्या मैदानावर. एक दिवस आड. आठवड्याला थोडे-थोडे वाढवावे आणि एखाद्या आठवड्यात पाय कुरकुरला तर वाढवू नये. सोबत रोज पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाच हळूहळू खाली-वर करावी. याने पोटरी आणि धोंडशीर तयार होते. पावले लहान, भरभर. चवड्यावर नाचत धावायचे नाही, टाच जमिनीला हलकेच लागली पाहिजे. मुले नेमकी येथे चुकतात. मोबाइलवर पाहून टाच अधांतरी ठेवून धावतात आणि पोटरी फाडून घेतात. पूर्ण बदलाला चार-सहा महिने लागले तर ते जास्त नव्हेत. चाचणी तीन महिन्यांवर आली असेल तर बूट बदलूच नये, ज्या जोडात सराव झाला त्यातच धावावे.

दुखण्याच्याही जाती आहेत. पोटरी दोन्ही पायांची सारखी दुखते आणि दोन दिवसांत निवते, ते कामाचे दुखणे. पण चवड्याच्या वरच्या बाजूला एकाच जागी, बोट दाबले की नेमके दुखत असेल, तर त्याच दिवशी थांबावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा बारीक तडा एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. फोटो साफ आला म्हणून पोरगा पुन्हा धावतो आणि तडा पुरा होतो.

काही गिऱ्हाइकांना हा बूट विकूच नये. ज्याला मधुमेह आहे आणि तळव्याला बधिरपणा आहे, त्याला पातळ सोल म्हणजे उघडा धोका. बाभळीचा काटा आत गेला तरी त्याला कळणार नाही. त्याला एमसीआर रबराची मऊ, मागे पट्टा असलेली चप्पल द्यावी किंवा शिवून द्यावी. अंगाने भारी माणसालाही जपून. ऑस्ट्रेलियात ६१ धावपटूंवर २६ आठवडे पाहणी झाली, तीत साधारण ७१ किलोच्या पुढे वजन असलेल्यांना पातळ बुटात इजेचा धोका वाढलेला आढळला. ज्याची टाच आधीच दुखते त्यालाही "हा घाल, बरा होशील" असे दुकानदाराने म्हणू नये. आपण बूट विकतो, औषध नाही.

एवढे सगळे गिऱ्हाइकाला सांगत बसले तर माल विकला जाईल का? आमच्या स्नेह्यांनी हाच प्रश्न केला. आमचे मत असे की, जास्त विकला जाईल. या बुटाकडे वळणाऱ्या माणसाला जुना बूट फेकता येत नाही, दोन्ही लागतात. ज्याचा आजचा बूट १२ मिलिमीटरचा आहे त्याला एकदम शून्यावर नेण्यापेक्षा मध्ये एक पाच-सहा मिलिमीटरचा जोड द्यावा. म्हणजे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचे तीन जोड जातात आणि गिऱ्हाईक चौथ्यासाठी परत येते. न सांगणाऱ्याचा एक जातो आणि तोही परत येतो. कराचेही लक्षात असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडाला २५०० रुपयांपर्यंत जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर १८. कंपन्यांचे पाच बोटांचे बूट सहज वरच्या टप्प्यात जातात. खेड्यातल्या पोराला ते परवडत नाहीत, आणि इथेच आमच्या कारागिराची जागा आहे.

अमेरिकेच्या युटा राज्यात ओरेम म्हणून गाव आहे. तेथे हार्पर कुटुंबाचे धावण्याच्या बुटांचे दुकान. मुलगा गोल्डन हार्पर गल्ल्यावर बसे आणि रोज तीच तक्रार ऐके, गुडघा दुखतो, टाच दुखते. त्याने २००९च्या सुमारास घरच्या पाव भाजायच्या भट्टीत बूट तापवून सोल सुटा केला, टाचेखालचा जादा थर काढला आणि सोल पुन्हा चिकटवला. ते जमले तेव्हा गावातल्या मोच्याकडे तो जोडामागून जोड धाडू लागला, टाच तासून चवड्याच्या पातळीला आणण्यासाठी. मोठ्या कंपन्यांनी त्याची कल्पना ऐकून घेतली नाही. मग त्याने आल्ट्रा नावाने स्वतःचा बूट काढला, आणि २०१८ साली व्हीएफ या बड्या कंपनीने तो धंदा विकत घेतला. ही कंपनी एका दुकानाच्या गल्ल्यावर आणि एका मोच्याच्या रापीखाली जन्मली. आमच्यातल्या कोणाला हे वाचून आपल्या ठिय्याकडे नव्याने पाहावेसे वाटले, तर वावगे नाही.

टाच तासण्याचे हे काम आमच्या कोणत्याही चांगल्या मोच्याला येईल. ईव्हीए फोमचा थर असेल तर तीन-चार मिलिमीटर काढून, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेवढाच, असा जुनाच बूट हळूहळू खाली आणता येतो. गिऱ्हाइकाला मधला जोड विकत घ्यायला नको आणि कारागिराला दोनदा मजुरी मिळते. मात्र दोन्ही बूट एका मापाने तासले पाहिजेत, मोजपट्टी लावूनच. आत हवेची पिशवी किंवा जेल असलेल्या सोलला रापी लावू नये.

दुसरे काम सँडलचे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या कार्यक्रमात तशीच चप्पल दाखवल्यावर गदारोळही झाला, त्यामुळे 'आपली कोल्हापुरीच घालून धावा' असे म्हणणारे निघाले आहेत. त्यांनी तसे धावून पाहावे! कोल्हापुरी चालायची चप्पल आहे. मागे पट्टा नाही, म्हणून धावताना ती पायात ठेवायला बोटे आवळावी लागतात आणि तळवा आखडतो. धावायच्या सँडलला टाचेमागून वादी हवी, ती घोट्याखालून दोन्ही बाजूंना ओढून बसवता यावी, आणि अंगठ्याजवळची गाठ सोलच्या खाली वर आलेली नसावी, नाहीतर ती डांबरावर घासून तुटते. सोल पाच ते आठ मिलिमीटरचा, गिऱ्हाइकाच्या पायाच्या आकृतीवर कापलेला. उभ्या माणसाच्या पायाभोवती पेन्सिल फिरवून कापलेला, फर्म्यावरून नव्हे. माप घेऊन चप्पल करणाऱ्या कारागिराला हे हुनर नवे नाही. कारखान्यातल्या मालाला जे जमत नाही, तेच त्याचे भांडवल आहे.

दुसरबीडला मागच्या वेळी गेलो तेव्हा आमच्या स्नेह्यांनी गल्ल्यावर तीन बुटांचे सोल मधून उभे कापून मांडले होते. एक जाड, एक मधला, एक पातळ. पोरगा मोबाइल काढायच्या आत ते विचारतात, "बेटा, आत्ता पायात कोणता आहे? दाखव जरा." चाचणी जवळ असेल तर पातळ जोड दाखवतच नाहीत. तो मुलगाही भेटला. पाय बरा आहे, पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. धावतो जुन्यातच, पातळ जोड आता शेतात आणि बाजारात जाताना घालतो, आणि पहाटे मैदानात शेवटची दोन चक्कर. वडील अजून त्या दुकानात येत नाहीत. घरच्या बायामाणसांच्या चपला मात्र तेथूनच जातात.

गावातल्या एका मोच्याने टाच तासायचे काम सुरू केले आहे. त्याला पुढून रुंद असा फर्मा हवा आहे, सहा ते नऊ नंबरचा. आग्र्याहून मागवला तर निमुळताच आला, तो त्याने परत पाठवला. सध्या बाभळीच्या लाकडाचा एक स्वतःच कोरतो आहे.